सोलमोकच्या चौदा पायऱ्या

जिन्याखालच्या त्या काचेच्या पेटीवर तुम्ही रोज दप्तरे टेकवता. ते टेबल नाही, मित्रांनो. ते मी आहे. मी एक जुने मॉडेल आहे, तुमच्याच वस्तीचे. तुम्ही राहता त्या इमारती आणि तुम्ही सायकली चालवता ती बाग जमिनीवर उभी राहण्याआधी माझ्यावर उभी राहिली. तुमच्या घराची खिडकी माझ्यावर मोहरीएवढी आहे. तुमच्यापैकी कुणाचाही जन्म झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ती मला कधीच सांगता आली नाही, आणि ज्या दिवसांत सांगायला हवी होती त्या दिवसांत तर मुळीच नाही.

माझा जन्म बंदरामागच्या गल्लीत, प्यो सांगदोक नावाच्या कारागिराच्या दुकानात झाला. सगळे त्यांना प्योकाका म्हणत. समुद्रात भराव घालून किनाऱ्यावर नवी वस्ती वसवायची ठरली होती, आणि ती कशी दिसेल हे लोकांना आधी दाखवायला मी हवे होते. पाचशे फुटांचा एक फूट, या मापाने प्योकाकांनी मला बनवले. फळ्या कापून जमीन केली, निळसर ॲक्रिलिकचा समुद्र केला आणि स्पंजचे बारीक तुकडे रंगात बुडवून झाडे केली. रंग कालवायला त्यांना मोठे भांडे सापडेना, म्हणून त्यांनी घरातली कोबीची तिखट किमची कालवायची परात आणली.

"अहो, ही परात मी कोबीसाठी घासून ठेवली होती!" त्यांची बायको जोम्रेबाई दारातूनच ओरडल्या.

"धुवून देतो की."

"मागच्या वर्षीही धुवूनच दिली होती. तुमच्या भावानं पहिला घास घेतला आणि विचारलं, वहिनी, किमचीत पालक घातलाय का?"

प्योकाका हसले, पण परात काही त्यांनी सोडली नाही. झाडे ते एका उंचीची कधीच करत नसत. "एका रांगेत, एका उंचीनं शाळेच्या कवायतीत उभं राहतात," ते म्हणत, "बागेत नाही." म्हणून माझ्या बागेतली झाडे कुठे बुटकी, कुठे वाऱ्याने वाकलेली अशी आहेत. एवढी माया लावून मला घडवले गेले, हे तुम्हाला आधी सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या हातून जे झाले ते मायेने झाले नाही.

नव्या वस्तीच्या टोकाला सोलमोक नावाची जुनी कोळीवस्ती होती. तिच्यासमोर भरतीला समुद्र असे आणि ओहोटीला मैलभर करडा चिखल. त्या चिखलात सोलमोकच्या बायका तिसऱ्यांचे शिंपले खणत. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात वाकड्या पात्याचे खुरपे, कमरेला जाळीची पिशवी. वीस जणींचे त्यांचे मंडळ होते आणि त्या चिखलावर त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क होता. त्यांनी कागदावर सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के मारून तो सोडल्याशिवाय भराव पुढे सरकणार नव्हता. म्हणून एका सकाळी मला टेम्पोत घालून सोलमोकच्या सभागृहात नेण्यात आले.

माझ्या सोबत नाम उन्सिल होती. नगररचना कार्यालयात बागा आणि मोकळ्या जागा आखण्याचे काम तिच्याकडे होते. वय एकतीस, आवाज जरा थरथरता. तिने काठीने दाखवले: इथे फिरायची वाट, इथे हिरवळ, इथे बाक. बोलणे संपले तेव्हा मंडळाची अध्यक्ष पुढे आली. तिचे नाव कुक मालसुन. साठीला टेकलेली, रुंद पंजांची बाई. सगळे तिला मालसुनआजी म्हणत.

"बाग छान आहे गं पोरी. खाली कुठून उतरायचं?"

"खाली म्हणजे, आजी?"

"खाली म्हणजे खाली. समुद्रात."

"उतरायचं नाही, आजी. इथं कठडा आहे ना. कठड्याशी उभं राहून समुद्र बघायचा. संध्याकाळी फार सुंदर दिसेल."

सभागृहात खसखस पिकली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "मालसुन, सूर्यास्ताचं कालवण करता येतं का गं?"

मालसुनआजी हसली नाही. "चाळीस वर्षं मी त्या समुद्रात वाकून काम केलंय," ती म्हणाली. "बघत बसायला वेळ कुणाला होता? आम्हाला तो बघायचा नाही. त्यात जायचंय."

उन्सिलचे कान लाल झाले. दुसरी कुणी असती तर 'नोंद घेतली आहे' म्हणून फाईल मिटून निघून गेली असती. उन्सिलने विचारले, "मला दाखवाल, कसं जाता ते?"

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला ती चिखलात गेली. मी तिथे नव्हते, पण परतल्यावर तिने प्योकाकांना सगळे सांगितले. पहिल्या पन्नास पावलांतच तिचा उजवा बूट चिखलाने ओढून घेतला होता. आजीने तो काढून दिला आणि म्हणाली, "टाच टेकवू नकोस, चवड्यावर चाल. टाच टेकवली की त्याला वाटतं, ही राहायलाच आली." त्या वर्षात उन्सिल अकरा वेळा गेली. उत्तरेचा वारा कुठून झोंबतो, बायका पाठ टेकायला कोणत्या पाइनखाली बसतात, तिसऱ्या धुवायला गोडे पाणी किती लांबून आणतात, हे सारे तिने वहीत लिहून घेतले. मग बाग पुन्हा काढली. सोलमोकसमोरचा एक छोटा तुकडा भरावातून वगळून खाडीसारखा मोकळा ठेवला. जुनी पाइनची राई आहे तिथेच राखली. राईखाली बाक, बाकाशेजारी नळ, आणि राईपासून थेट चिखलापर्यंत चौदा रुंद पायऱ्या.

त्या पायऱ्या प्योकाकांनी लाकडाच्या नखाएवढ्या पातळ पट्ट्या चिमट्याने एकावर एक चिकटवून केल्या. तीन दिवस लागले. श्वास रोखून काम करत होते. त्यांच्या श्वासानेही पट्ट्या हलत होत्या.

दुसरी सभा भरली. पुन्सुन नावाची, मंडळातली सर्वांत वयस्कर बाई, माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. "लाकडाचं खेळणं आहे ते," ती म्हणाली. "खेळण्यावर मी शिक्का मारायचा?"

मालसुनआजी माझ्यावर वाकली आणि करंगळीच्या नखाने पायऱ्या मोजू लागली. चौदा झाल्यावर ताठ उभी राहिली. "बायांनो, समुद्र जायचा तो जाणारच आहे. आपण शिक्के मारले नाहीत तर उशिरानं जाईल, एवढंच. पण इथून आपण उतरू. आपल्या मुलींच्या मुली उतरतील. मी सांगते."

"तू सांगतेस?" पुन्सुनने विचारले.

"मी सांगते."

वीस शिक्के लागले. पुन्सुनचा सर्वांत शेवटी. मित्रांनो, त्या दिवशी मला माझा केवढा अभिमान वाटला होता! माझ्याकडे बोट दाखवून एका माणसाने दुसऱ्याला शब्द दिला होता.

मग माझे चांगले दिवस आले. नव्या वस्तीच्या माहिती केंद्रात मधोमध मला ठेवले, वर दिवे लावले, भोवती काच घातली. मंत्री आले, परदेशी पाहुणे आले, शाळांच्या सहली आल्या. सगळे पायऱ्यांपाशी थांबत. "वा! इथं लोकांचा किती विचार केलाय!" असे म्हणत. प्योकाका वर्षातून एकदा येऊन पिसांच्या ब्रशने माझ्या झाडांवरची धूळ झटकत. आणि दर महिन्याला, एखाद्या मंगळवारी, मालसुनआजी येई. सोलमोकची घरे तोवर पाडली होती. बायकांना आतल्या भागात सदनिका मिळाल्या होत्या, आणि किनाऱ्याभोवती उंच पत्रे ठोकले होते. पलीकडे काय चालले आहे ते कुणालाच दिसत नसे. आजी दर वेळी दोघीतिघींना सोबत आणी आणि काचेवर बोट ठेवून म्हणे, "बघा. आहेत ना?" उन्सिल आता माहिती द्यायला तिथेच असे; ती आजीला बसवून बार्लीचा चहा देई, हिवाळ्यात संत्री सोलून देई. दोघींचे मेतकूट जमले होते.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रकल्पाचे संचालक कूसाहेब उन्सिलला घेऊन माझ्यापाशी आले. सोबत कुणी नव्हते.

"ही खाडी जाणार," ते म्हणाले. "एवढ्या भारी घरांच्या खिडकीखाली चिखलाचा वास चालणार नाही. आणि उद्या पायरीवरून कुणी घसरला तर जबाबदार कोण? तू?"

"साहेब, त्या पायऱ्यांवर वीस जणींनी शिक्के मारलेत."

"शिक्के भरावाला मारलेत. कागदावर पायरी हा शब्द नाही, बघून घे." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "उन्सिल, रस्तेवाले तुझी अर्धी बाग मागतायत. मी त्यांना थोपवतो. बागेची रुंदी राहील, पाइन राहतील. तू पायऱ्या सोड."

उन्सिलने एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ बराच वेळ उभी होती. मग होकार देऊन आली. मित्रांनो, यासाठी मी तिला दोष देत नाही. तुम्ही जिथे पतंग उडवता ती हिरवळ आणि ती राई तिने त्या दिवशी वाचवली. चूक त्यानंतर झाली.

"मग सोलमोकच्या बायकांना सांगायला हवं," ती कूसाहेबांना म्हणाली.

"सांगू की. योग्य वेळी. आत्ता सांगितलंस तर उद्या सगळ्या फाटकात येऊन बसतील."

"आणि मॉडेल?"

"त्याला हात लावू नका. पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत. लोकांना आवडतंय ते."

"बरं," उन्सिल म्हणाली. एवढा एकच शब्द.

पुढचा महिना गेला, वर्ष गेले. योग्य वेळ काही आली नाही. उन्सिल पाहुण्यांना माहिती देताना त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहू लागली. एकदा प्योकाका धूळ झटकायला आले आणि ब्रश हातात तसाच धरून म्हणाले, "भरावाच्या गाड्या खाडीत उतरताना पाहिल्या मी. माझ्या पायऱ्या काढायला मला कुणी बोलावलं नाही ते?"

"राहू द्यात, काका."

"राहू द्यात म्हणजे? खोटं मांडून ठेवायचं?"

"थोडे दिवस."

त्यांनी झाडे झटकली, इमारती पुसल्या, समुद्र पुसला. पायऱ्यांना हात लावला नाही. जाताना चहा घ्यायलाही थांबले नाहीत, आणि पुन्हा कधी आले नाहीत.

मालसुनआजी मात्र येतच राहिली. दर महिन्याला काचेवर तेच बोट, तेच "आहेत ना?" पत्र्यांपलीकडे काय चालले आहे ते तिला दिसत नव्हते. तिला दिसत होते ते फक्त मी. मी काय करणार? मी लाकूड. पण नुसते उभे राहूनही खोटे बोलता येते, हे मी तेव्हा शिकले. पाच वर्षे मी तिला धडधडीत खोटे सांगत होते आणि माझ्यावरचे दिवे लखलखत होते.

मे महिन्यात बागेचे उद्घाटन झाले. बँड वाजला, फुगे सोडले, लोकांनी हिरवळीवर चटया पसरून डबे उघडले. बाग खरोखर सुंदर झाली होती. मालसुनआजी भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघून ओहोटीलाच आली. सोबत पुन्सुन आणि आणखी चौघी. सगळ्यांच्या पायांत रबरी बूट, कमरेला पिशव्या. कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या दोनदा चालल्या. कठडा काचेचा होता, कुठेही फट नव्हती. एका रखवालदाराने विचारले, "आजी, काही हरवलंय का?"  तिथून त्या सरळ माहिती केंद्रात आल्या. ही हकिकत चौघींपैकी एकीने दारातच रडत रडत सांगितली, म्हणून मला कळली.

मालसुनआजी रडत नव्हती. कोरड्या बुटांनी ती माझ्यासमोर उभी राहिली. उन्सिल आतून धावत आली आणि जागच्या जागी थबकली.

"पोरी, इथं आहेत. तिथं का नाहीत?"

उन्सिलने कमरेत वाकून मान खाली घातली, ती वर केलीच नाही. "बदललं, आजी."

"कधी?"

"पाच वर्षं झाली."

आजीने माझ्याकडे बघितले, मग तिच्याकडे. "पाच वर्षं मी दर महिन्याला इथं येतेय. तू मला चहा द्यायचीस."

"हो, आजी."

"चहा देताना सांगायचंस."

 बाहेर बँड वाजत होता.

"सांगितलं असतं तर तुम्हाला..." उन्सिलने सुरुवात केली.

"भांडलो असतो," आजी म्हणाली. "फाटकात बसलो असतो. हरलोही असतो. पण सगळ्या मिळून हरलो असतो. आता मी एकटी हरले. ह्यांना शब्द तू दिला नव्हतास, मी दिला होता."

मागे उभी असलेली पुन्सुन वळली आणि निघून गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. मालसुनआजी सर्वांत शेवटी गेली, एकटी.

त्या हिवाळ्यात सोलमोकच्या बायका नेहमीप्रमाणे एका अंगणात जमून वर्षाची किमची घालायला बसल्या. मालसुनआजीला कुणी बोलावले नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिने स्वतःपुरते चार गड्डे घरात एकटीने मुरवले. वसंतात ती दूर, डोंगराकडच्या गावी, मुलीकडे निघून गेली. बागेला मात्र त्याच वर्षी मोठे बक्षीस मिळाले. बक्षिसाच्या पुस्तिकेत माझा फोटो छापला होता. पायऱ्यांसकट.

पुढे माझेही दिवस फिरले. वस्ती पुरी झाल्यावर माहिती केंद्र बंद झाले. दिवे काढले, काचेला तडा गेला, मला तळघरात लोटून दिले. तिथे कितीतरी वर्षे गेली. समुद्र पिवळा पडला, दोन इमारती ओलीने फुगल्या, आणि अंधारात मला आजीच्या बोटाचीच आठवण येत राही. खरे सांगायचे तर अंधारात मला बरे वाटत होते. तिथे निदान मला बघून कुणी फसणार नव्हते. मग कुणाला तरी वाटले, शाळेला देऊन टाकू. आणि मी तुमच्याकडे आले.

यंदाच्या शरदातली गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. चौथीतली साबिन माझ्यावर वाकून बघत होती. ती गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, हे मॉडेल चुकलंय. बागेत अशा पायऱ्याच नाहीत. मी रोज जाते तिथं." गुरुजींनी नगररचना कार्यालयाला पत्र लिहून विचारले. उत्तर पत्राने आले नाही. उन्सिल स्वतः आली. केस पांढरे झालेले, निवृत्तीला काही महिने उरलेले. तिच्या हाताला धरून एक म्हातारी हळूहळू चालत होती. मी तिला पंजांवरून ओळखले.

गुरुजींशी बोलताना उन्सिलने सांगितले की ती तीन वेळा डोंगराकडच्या त्या गावी गेली होती आणि तिन्ही वेळा दारातूनच परत फिरली होती. चौथ्या वेळी आजीने दार उघडे ठेवले, पण बोलली नाही. पाचव्या वेळी वाडगाभर सूप समोर ठेवले आणि म्हणाली, "जेव. वाळलीस." त्याला तीन वर्षे झाली होती. शाळेचे पत्र आले तेव्हा आजीच म्हणाली, मलाही ने.

"हे मॉडेल चुकलंय ना हो, बाई?" साबिनने विचारले.

"नाही गं," उन्सिल म्हणाली. "मॉडेल बरोबर आहे. बाग चुकली." तिने पिशवीतून एक पांढरे कार्ड काढले, जिन्याच्या पायरीवर बसून त्यावर काही लिहिले आणि काच सरकवून माझ्या पायऱ्यांशेजारी ठेवले.

"वाच गं पोरी," मालसुनआजी साबिनला म्हणाली. "मला चष्म्यानंही दिसत नाही."

साबिनने वाचले: "या पायऱ्या सोलमोकच्या बायकांना कबूल केल्या होत्या. त्या बांधल्या नाहीत. त्यांना कळवलेही नाही. नाम उन्सिल."

आजीने कार्डावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "सोलमोकच्या बायका म्हणजे कोण? आम्हाला नावं नव्हती का?"

उन्सिलने दुसरे कार्ड काढले. आजीने डोळे मिटले आणि चिखलात ज्या क्रमाने त्या चालत, त्या क्रमाने एकेक नाव सांगू लागली. "पहिलं पुन्सुनचं लिही. ती शेवटपर्यंत नाहीच म्हणत होती. गेली ती आता. मग तोक्काप. मग थोरली सुन्ने, मग धाकटी सुन्ने..." एकोणीस नावे झाली. उन्सिलचे पेन थांबले.

"आणि तुमचं, आजी?"

"माझं सगळ्यात शेवटी. आणि त्याच्यापुढं लिही, हिनं सांगितलं होतं म्हणून बाकीच्यांनी ऐकलं."

"नाही, आजी," उन्सिल म्हणाली. "तसं नाही लिहिणार. मी लिहिते, हिला मी सांगितलं होतं."

आजीने डोळे उघडले. पहिल्यांदाच तिने उन्सिलच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लिही मग तसं," ती म्हणाली.

पायऱ्या अजून झालेल्या नाहीत, मित्रांनो. होतील असे कुणी म्हणालेही नाही. सोलमोकच्या बायकांपैकी आता सहा जणी उरल्या आहेत, आणि त्यातली एकही चिखलात उतरू शकणार नाही. त्या दिवशी जाताना मालसुनआजी बागेतून गेली का, कठड्याशी थांबली का, मला माहीत नाही. इथून समुद्र दिसत नाही.

माझी निगा राखा, माझी धूळ पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे काय, मी लाकूड आणि स्पंज. पण तुमच्यातले कुणी उद्या रस्ते आखेल, कुणी शाळा बांधेल, कुणी गावासाठी बाग काढेल. तुम्हीही कुणालातरी चित्र दाखवाल आणि ते माणूस तुमच्या भरवशावर मान डोलावेल. चित्र बदलावे लागते. कधी कधी त्यावाचून इलाज नसतो. पण ज्या दिवशी ते बदलाल, त्याच दिवशी त्या माणसाच्या दारी जा आणि सांगा. ते रागावेल, भांडेल, तुम्हाला दारातून परत पाठवेल. तरी सांगा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.